निराशाजनक हंगामानंतर गोलरक्षकांचे मूल्यमापन कसे करावे: कॅल्गरी फ्लेम्सच्या २०२२-२३ च्या हंगामावरून

२०२१-२२ च्या हंगामात कॅल्गरी फ्लेम्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाने १११ गुण मिळवून उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा पॅसिफिक विभाग जिंकला, आणि त्यांचा स्वीडिश गोलरक्षक याकोब मार्कस्ट्रॉम हा सर्वोत्तम गोलरक्षकासाठीच्या वेझिना ट्रॉफीच्या मतदानात न्यूयॉर्क रेंजर्सच्या इगोर शेस्टर्किनच्या खालोखाल दुसरा आला. पुढच्याच हंगामात हा संघ ९३ गुणांवर थांबला, विनिपेग जेट्सपेक्षा दोन गुण कमी पडल्यामुळे प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, मुकला, आणि मार्कस्ट्रॉमची सेव्ह टक्केवारी (चौकटीवर आलेल्या शॉटांपैकी अडवलेल्यांचे प्रमाण) ०.९२२ वरून ०.८९२ वर घसरली. मे २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक डॅरिल सटर यांना काढण्यात आले, त्याआधीच सरव्यवस्थापक ब्रॅड ट्रेलिव्हिंग बाहेर पडले होते आणि नंतर त्यांच्या जागी क्रेग कॉनरॉय आले. कॉनरॉय यांच्यासमोरच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता गोलरक्षकांचा. तोच प्रश्न आपल्यासमोर आहे असे मानून, असे मूल्यमापन कोणत्या क्रमाने करावे ते या लेखात मांडले आहे.

मैदानी हॉकी पाहणाऱ्या वाचकासाठी आरंभीच एक फरक सांगायला हवा. मैदानी हॉकीची गोलचौकट १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच असते. आइस हॉकीत ती फक्त ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असते. मार्कस्ट्रॉमसारखा साडेसहा फुटी माणूस पॅड बांधून तिच्यासमोर उभा राहिला की चौकटीचा बराचसा भाग केवळ त्याच्या अंगानेच झाकला जातो. त्यामुळे दहापैकी नऊहून अधिक शॉट अडणे ही येथे साधी अपेक्षा आहे, आणि चांगल्या-वाईट गोलरक्षकांतला सगळा फरक हजारामागे दहा-वीस शॉटांत दडलेला असतो. हे प्रमाण लक्षात ठेवले नाही, तर पुढचे सगळे आकडे फसवतात.

प्रश्न वेगवेगळे करा

हंगाम संपल्यावर जी चर्चा होते तिच्यात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. गोलरक्षणामुळे संघाचे नेमके किती नुकसान झाले, हा पहिला. ते कशामुळे झाले, हा दुसरा. पुढच्या वर्षी तसेच होईल का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर हिशेबात सापडते, दुसऱ्याचे चित्रफितीत, आणि तिसऱ्याचे अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर. एखाद्या गोलरक्षकाने संघाचा हंगाम बुडवला हे पूर्णपणे खरे असू शकते, आणि तरीही त्याला काढणे चूक ठरू शकते. कॅल्गरीच्या बाबतीत माझे मत नेमके हेच आहे, आणि ते कसे बनले हे पुढच्या पायऱ्यांवरून दिसेल.

सर्वांत आधी एक आकडा बाजूला ठेवावा: गोलरक्षकाच्या नावावर लिहिलेले जय-पराजय. त्या हंगामात मार्कस्ट्रॉमच्या नावावर २३ विजय, २१ पराभव आणि १२ जादा वेळेतले पराभव होते. त्याचा जोडीदार, चेक गोलरक्षक डॅन व्लाडार, याच्या नावावर १४ विजय, ६ पराभव आणि जादा वेळेतले ५ पराभव. हे वाचून कोणीही म्हणेल की व्लाडारने संघ तारला आणि मार्कस्ट्रॉमने बुडवला. प्रत्यक्षात दोघांची सेव्ह टक्केवारी अनुक्रमे ०.८९२ आणि ०.८९४ होती, म्हणजे हजार शॉटांमागे दोन गोलांचा फरक. व्लाडार खेळला त्या रात्री पुढच्या फळीने गोल अधिक केले, यापलीकडे या आकड्यांत फारसे काही नाही. दर साठ मिनिटांमागे किती गोल खाल्ले ही सरासरीही अशीच संपूर्ण संघाची मोजणी असते. ती गोलरक्षकाच्या नावासमोर छापली जाते, एवढेच.

नुकसान गोलांत मोजा

आता तुलनेसाठी आधाररेषा घ्यावी. ती जुन्या आठवणीवरून घेऊ नये, कारण लीगची सरासरी सेव्ह टक्केवारी गेल्या दशकात सतत खाली येत गेली आहे: २०१५-१६ मध्ये ती ०.९१५ होती आणि २०२२-२३ मध्ये ०.९०४. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कसोटीवर आजचा ठीकठाक गोलरक्षकही नापास होतो. म्हणून तुलना त्याच वर्षाच्या सरासरीशी करावी.

मार्कस्ट्रॉमने ५९ सामन्यांत साधारण साडेपंधराशे शॉटांना तोंड दिले. सरासरी गोलरक्षकाने हजारामागे ९६ गोल खाल्ले असते, त्याने १०८ खाल्ले. फरक १२ चा. साडेपंधराशे शॉटांवर तो साधारण १८ गोलांचा होतो. व्लाडारने सातशेच्या आतबाहेर शॉट पाहिले, त्याचे आणखी सहा-सात धरावेत. या लीगमध्ये सहा गोलांचा फरक साधारणपणे एका विजयाच्या बरोबरीचा मानला जातो. म्हणजे दोघांचे मिळून चार विजय, आठ गुण. संघ दोन गुणांनी बाहेर राहिला आणि त्याचे १७ सामने जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हातचे गेले, हे पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यावे लागते: सरासरी गोलरक्षण लाभले असते तर कॅल्गरी प्लेऑफमध्ये असती.

पण याच ठिकाणी वहीत दुसरी नोंदही करावी. आदल्या वर्षी संघाने २९३ गोल केले होते आणि २०८ खाल्ले होते; या वर्षी २६० केले आणि २५२ खाल्ले. जॉनी गॉड्रो कोलंबसला गेला होता, मॅथ्यू कॅचक फ्लोरिडाला, आणि त्याच्या बदल्यात आलेल्या जोनाथन ह्युबर्डोचा सूर लागला नव्हता. गोलरक्षणाची गळती मोठी होती, पण आक्रमणातून गेलेले ३३ गोल कोणत्याही गोलरक्षकाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

दैवाचा वाटा वजा करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सेव्ह टक्केवारी ही शेवटी शेकडो हो-नाही घटनांची बेरीज आहे, आणि अशा बेरजेत केवळ योगायोगाने किती हेलकावा येऊ शकतो ते शालेय संख्याशास्त्राने काढता येते. सरासरी ०.९०४ असताना साडेपंधराशे शॉटांवर प्रमाण विचलन ०.००७५ च्या आसपास येते, म्हणजे सुमारे १२ गोल. गोलरक्षकाची कुवत तसूभरही बदलली नाही, तरी एखाद्या वर्षी १२ गोल जास्त आणि एखाद्या वर्षी १२ कमी जाणे हे अगदी सामान्य आहे. मार्कस्ट्रॉमचे १८ गोल या हेलकाव्याच्या दीडपट भरतात: दुर्लक्ष करावे इतके लहान नाहीत, पण केवळ त्यांच्यावरून निकाल द्यावा इतके मोठेही नाहीत. व्लाडारच्या सातशे शॉटांवर विचलन ०.०११ होते आणि त्याची घसरण ०.०१० ची आहे. त्याच्याविषयी या एका हंगामावरून काहीही ठामपणे सांगता येत नाही.

यावर उपाय एकच, नमुना वाढवणे. मार्कस्ट्रॉमचे कॅल्गरीतले तीन हंगाम ०.९०४, ०.९२२ आणि ०.८९२ असे आहेत. शॉटांच्या संख्येनुसार वजन देऊन ते एकत्र केले की साधारण ०.९०७ मिळतात, आणि त्या तीन वर्षांची लीगची सरासरीही जवळपास तेवढीच होती. म्हणजे वेझिनाच्या उंबरठ्यावरचा गोलरक्षक आणि हंगाम बुडवणारा गोलरक्षक ही दोन्ही चित्रे टोकाची होती. त्यांच्या मधोमध एक सरासरीचा, भरवशाने पन्नास-साठ सामने खेळणारा माणूस उभा होता. पुढच्या वर्षाचा अंदाज करताना हे तीन वर्षांचे मिश्रण आणखी थोडे लीगच्या सरासरीकडे ओढावे. तसे केल्यास ०.९०५ ते ०.९०७ असे उत्तर येते. हा अंदाज तारीख घालून लिहून ठेवावा.

शॉट किती कठीण होते

सेव्ह टक्केवारीचा मोठा दोष असा की दूरच्या निळ्या रेषेवरून सहज सोडलेला पक (चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती) आणि क्रीजसमोरून, म्हणजे चौकटीपुढच्या गोलरक्षकाच्या आखीव जागेसमोरून, एका झटक्यात मारलेला पक तिच्या लेखी सारखेच. म्हणून अपेक्षित गोलांचे प्रारूप वापरतात: शॉटचे अंतर, कोन, प्रकार, तो रिबाउंडवर आला की धावत्या हल्ल्यात, अशा गोष्टींवरून त्यातून गोल होण्याची शक्यता काढायची, त्या शक्यतांची बेरीज करायची आणि तीतून प्रत्यक्ष खाल्लेले गोल वजा करायचे. उत्तर धन आले तर गोलरक्षकाने अपेक्षेपेक्षा अधिक वाचवले, ऋण आले तर कमी. वेगवेगळ्या प्रारूपांची उत्तरे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून निदान दोन पाहावीत आणि त्यांची दिशा एकच आहे ना, एवढेच तपासावे.

या प्रारूपांची मर्यादाही ठाऊक हवी. सर्वांना खुल्या असलेल्या नोंदींत शॉट कोठून मारला हे असते, पण त्याआधीचा पास कोठून आला हे नसते. न्यूयॉर्क रेंजर्सचा माजी गोलरक्षक स्टीव्ह व्हॅलिकेट याने गोलचौकटीच्या मध्यातून समोर जाणारी एक काल्पनिक रेषा मांडली आणि तिला ‘रॉयल रोड’ म्हटले. पक शॉटच्या अगदी आधी ही रेषा ओलांडून आला, तर गोलरक्षकाला बाजू बदलून, थांबून, पुन्हा नजर बसवावी लागते, आणि गोलाची शक्यता कित्येक पटींनी वाढते. कॅल्गरी सामन्यामागे साधारण २७ शॉट देत होती. लीगमधल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी हा एक. शॉट इतके कमी असताना त्यांतले किती असे आडव्या पासवरचे होते, हा प्रश्न खुल्या आकड्यांनी सुटत नाही. त्यासाठी चित्रफितीकडेच वळावे लागते.

शक्यतो पाच-विरुद्ध-पाच खेळातले आकडे वेगळे काढावेत. एक खेळाडू कमी असतानाच्या शॉटांची संख्या इतकी थोडी असते की त्यावरची टक्केवारी वर्षागणिक वाटेल तशी उड्या मारते.

चित्रफीत: प्रत्येक गोल, आणि गोल न झालेलेही

मूल्यमापनाचा खरा वेळ येथे घालवावा. एका मुख्य गोलरक्षकाने हंगामात खाल्लेले गोल पावणेदोनशेच्या आसपास असतात. प्रत्येकाची आठ-दहा सेकंदांची फीत तीन-चार वेळा पाहणे हे काही संध्याकाळींचे काम आहे. वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात प्रत्येक गोलासाठी पुढील गोष्टी लिहाव्यात: पकने शेवटच्या सेकंदात मधली रेषा ओलांडली का, गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर कोणी आडवे होते का, शॉट सुटताना तो पायांवर स्थिर होता, सरकत होता की आधीच गुडघ्यांवर गेला होता, क्रीजमध्ये किती पुढे किंवा किती मागे होता, पक दिशा बदलून आला का, आणि चौकटीत नेमका कोठून शिरला.

यातली गुडघ्यांची नोंद सर्वांत बोलकी असते. आजचे जवळपास सगळे गोलरक्षक बटरफ्लाय पद्धतीने खेळतात: गुडघे जवळ घेऊन खाली बसायचे आणि पॅड दोन्ही बाजूंना पसरायचे, जेणेकरून जमिनीलगतचा भाग बंद होतो. योग्य वेळी हे केले तर भिंत उभी राहते. आत्मविश्वास डळमळलेला गोलरक्षक मात्र शॉट सुटण्यापूर्वीच खाली जातो, समोरच्याला ते दिसते, आणि तो पक खांद्यावरून वर टाकतो. तक्त्यात ‘आधीच गुडघ्यांवर’ आणि ‘वरून शिरला’ या दोन नोंदी वारंवार एकत्र येऊ लागल्या, तर दोष नजरेचा किंवा संयमाचा आहे, आणि प्रशिक्षणाने सुधारण्याजोगा आहे.

दुसरी जागा खांबाजवळची. चौकटीच्या मागून किंवा तीव्र कोनातून हल्ला आला की गोलरक्षक एक पॅड बर्फावर आडवे टाकतो, त्याच बाजूचा खांदा खांबाला टेकवतो आणि दुसऱ्या पायाने स्वतःला खांबाकडे दाबून धरतो. या पद्धतीत आडवा पास आला तर चटकन पलीकडे सरकता येते, पण खांद्यावर आणि कानाजवळ एक लहानशी फट राहते, आणि आजच्या नेमबाजांना ती नेमकी माहीत असते. उंच गोलरक्षकाला हा गोल जाणे अधिक खटकावे, कारण त्याच्या उंचीचा फायदाच तेथे असतो. असे गोल दोन-चार असतील तर ती समोरच्याची कारागिरी. डझनभर असतील तर गोलरक्षक गरज नसताना लवकर बसतो आहे.

त्यानंतर जबाबदारी वाटावी. प्रत्येक गोलावर ‘अडवायलाच हवा होता’, ‘अडवता आला असता’ आणि ‘त्याच्या हातात नव्हता’ यांपैकी एक शिक्का मारावा. हे काम दोघांनी एकमेकांना न सांगता करावे आणि मग शिक्के ताडून पाहावेत. बरेच शिक्के वेगळे निघतील, आणि त्या मतभेदाच्या गोलांवर होणारी चर्चा उरलेल्या सगळ्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवते.

फक्त गोल पाहणे मात्र धोक्याचे असते. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचे दीडशे गोल सलग पाहिले तरी तो अजागळ वाटेल. म्हणून त्याच प्रकारच्या शॉटांवरचे तेवढेच सेव्ह निवडून पाहावेत. दोन हल्लेखोरांसमोर एकच बचावपटू अशा हल्ल्यात आडवा पास आल्यावर तो गोल खातो हे दिसले, तर त्याच हल्ल्यांत त्याने किती अडवले, आणि अडवताना तो वेळेवर पोहोचला होता की पक नुसता अंगावर आदळला, हे पाहिल्याशिवाय दोष लिहू नये.

हंगामाचा आकार, शरीर आणि वय

वर्षाची एकच टक्केवारी न घेता दहा-दहा सामन्यांचे तुकडे पाडावेत. एखाद्या तारखेनंतर खेळ एकाएकी ढासळला असेल तर दुखापतीचा संशय घ्यावा. सगळे तुकडे सारखेच कमकुवत असतील तर कारण दुसरीकडे शोधावे. सलग दोन रात्री सामने खेळवले होते का, प्रवास किती होता, दुसऱ्या गोलरक्षकावर प्रशिक्षकाचा विश्वास होता का, हेही याच पानावर यावे.

कॅल्गरीच्या बाबतीत हा तुकडा मागच्या वर्षापासून सुरू करावा लागतो. मे २०२२ मध्ये एडमंटनविरुद्धच्या मालिकेतला पहिला सामना कॅल्गरीने ९-६ असा जिंकला, पण मालिका पाच सामन्यांत गमावली आणि त्या मालिकेत मार्कस्ट्रॉम सातत्याने कोलमडताना दिसला. डिसेंबर २०२२ मध्ये तर त्याने पत्रकारांसमोर स्वतःच्या खेळावर कठोर शब्दांत टीका केली. असा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण मूल्यमापन करणाऱ्याने त्याला पुरावा मानू नये. पडत्या काळात खेळाडू स्वतःचा सर्वांत वाईट परीक्षक असतो.

वय मात्र पुरावा आहे. मार्कस्ट्रॉम तेव्हा ३३ वर्षांचा होता. तिशीच्या मध्यावर गोलरक्षकांची घसरण सुरू होते, परंतु ती साधारणपणे वर्षाला दोन-तीन सहस्रांशांची असते. एका वर्षात तीस सहस्रांश गेले तर त्याचा बहुतेक भाग वयाचा नसतो.

तिसरा माणूस

मूल्यमापन दोघांपुरते ठेवू नये. कॅल्गरीचा दुय्यम संघ, रँगलर्स, त्याच शहरात, त्याच सॅडलडोम स्टेडियममध्ये खेळत होता, आणि त्याच्या चौकटीत डस्टिन वुल्फ होता. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, २१७ जणांत २१४ वा निवडला गेलेला हा मुलगा उंचीने जेमतेम सहा फूट, म्हणूनच इतका मागे राहिला. २०२२-२३ मध्ये त्याने अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम लीगमध्ये ५५ सामन्यांत ४२ विजय आणि ०.९३२ अशी नोंद केली, सलग दुसऱ्यांदा तेथील सर्वोत्तम गोलरक्षकाचा आणि त्यासोबत सर्वोत्तम खेळाडूचाही पुरस्कार घेतला. एप्रिल २०२३ मध्ये, प्लेऑफची आशा संपल्यावर, सॅन होजेविरुद्धचा शेवटचा सामना त्याला मिळाला आणि कॅल्गरीने तो ३-१ असा जिंकला.

दुय्यम लीगचे आकडे जसेच्या तसे वर नेता येत नाहीत: तेथे शॉट सुटायला वेळ लागतो, पास कमी अचूक असतात. ठेंगण्या गोलरक्षकाच्या बाबतीत तर दोन गोष्टी खास तपासाव्यात. गर्दीतून पक पाहण्यासाठी तो डोके आणि शरीर कसे हलवतो, आणि पहिल्या सेव्हनंतर दुसऱ्या शॉटसाठी किती लवकर उभा राहतो. वुल्फच्या बाबतीत दोन्ही उत्तरे चांगली होती. दोन वर्षे सलग लीगमध्ये अव्वल राहणे हा योगायोग क्वचितच असतो.

करार आणि निर्णय

शेवटी पैसा. २०२३-२४ साठी संघाची वेतनमर्यादा ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. मार्कस्ट्रॉमला वर्षाला ६० लाख जात होते, २०२६ पर्यंत, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला कोठेही पाठवता येत नव्हते. व्लाडारचा नवा करार २२ लाखांचा होता. म्हणजे सरासरीहून कमी गोलरक्षणावर मर्यादेचा जवळजवळ दहावा हिस्सा. तरीही घसरलेल्या वर्षानंतर विकायला काढलेल्या गोलरक्षकाला भाव येत नाही, आणि आपला अंदाज तर सांगतो की तो सरासरीकडे परतणार आहे. माझ्या मते योग्य शिफारस अशी होती: मार्कस्ट्रॉमला ठेवा, त्याचे सामने पन्नासच्या आत आणा, वुल्फला वर-खाली करत पंधरा-वीस सामने द्या, आणि वर्षभराने पुन्हा बाजार पाहा.

प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये मार्कस्ट्रॉम ४८ सामने खेळला आणि त्याची टक्केवारी ०.९०५ आली. जून २०२४ मध्ये त्याच्या संमतीने कॅल्गरीने त्याला न्यू जर्सी डेव्हिल्सकडे दिले आणि बदल्यात बचावपटू केव्हिन बाल व ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड मिळवली. आदल्या उन्हाळ्यात असा भाव मिळाला असता असे मला वाटत नाही. वुल्फने त्या वर्षी १७ सामन्यांत ०.८९३ अशी नोंद केली, आणि तो वरच्या पातळीवर टिकणार नाही अशी कुजबुज सुरू झाली. साडेचारशेच्या आसपास शॉटांवर प्रमाण विचलन ०.०१४ असते, ही गोष्ट त्या कुजबुजीत कोणी मोजली नव्हती. २०२४-२५ मध्ये तो ५३ सामने खेळला, ०.९१० वर राहिला आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदितासाठीच्या काल्डर ट्रॉफीच्या अंतिम तिघांत आला.